पंडुमच्या आधीची कैरी

कैरीला बाठ अजून धरली नव्हती. विळी तिच्यातून सरळ आरपार गेली होती, आणि प्रत्येक फोडीच्या मधोमध कोवळ्या बीचा पांढरा, ओलसर काप राहिला होता. नखाने दाबला असता तर पाणी सुटलं असतं. झाडाचं काम अजून चाललेलंच होतं. सोमारीने एक फोड उलटसुलट करून पाहिली आणि परत परातीत ठेवली.

चांद्याच्या ट्रेनिंग शाळेत येऊन तिला हा तिसरा चैत्र. शाळेच्या मुख्य बाई, इंदिराबाई, दर वर्षी घरी गौर मांडून हळदीकुंकू करत आणि वसतिगृहातल्या मुलींना मदतीला बोलावत. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. बाकीच्या मुली या दिवसाची वाट पाहत. सोमारी मात्र होळीनंतरच काहीतरी निमित्त शोधायला लागे. आलापल्लीच्या पलीकडे, जंगलात तिचं गाव. तिथे मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, झाल्याशिवाय नवा आंबा कुणी तोंडात घालत नाही. गावचा पुजारी, पेरमा, दिवस ठरवतो. पहिला आंबा देवांना आणि गेलेल्या माणसांना, मग जित्यांना. तोवर वाऱ्याने पडलेली कैरीसुद्धा पोरं दाताला लावत नाहीत.

“अवंदा काय दुखनार हाय वो तुह्यं?” खोबरं खवता खवता गोकुळाने विचारलं. ही सावली गावाकडची, ढिवराची पोर, सोमारीच्याच खोलीत राहायची. “पहिल्या साली पोट दुखलं. मागच्या साली दात आंबले. आता डोस्कं तेवढं राह्यलं.”

“हळू बोल.”

“मी तं म्हन्तो, खाऊन घे ना चिमूटभर. इथी कोन पाहून राह्यलं? तुह्या पेरमाले चांद्यापावतर दिसते का?”

“नाही दिसत.”

“मंग?”

“मंगलीआत्या विचारते.”

मागच्या उन्हाळ्यात पंडुमच्या दिवशी आत्याने पानाच्या द्रोणात आंब्याचा तुकडा घालून तिच्या हातात ठेवला होता आणि एवढंच विचारलं होतं: आधी खाल्ला नाहीस ना? सोमारी म्हणाली, नाही. आत्याने मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळली. शहरात राहून आलेल्या पोरीला तिने पुन्हा खोदून विचारलं नाही. त्या एका ‘नाही’वर सोमारी गावाच्या रांगेत बसली होती. ते तिला गमवायचं नव्हतं.

इथल्या ‘नाही’ची गत निराळी होती. पहिल्या वर्षी दिवाळीत इंदिराबाईंच्या पंगतीत पोट भरलं म्हणून ती ‘नको’ म्हणाली, तर पानात आणखी भात पडला. पुन्हा नको म्हणाली, पुन्हा पडला. वाढलेलं टाकणं तिला माहीत नव्हतं. ती खात राहिली आणि रात्रभर कण्हत पडली. पुढे कळलं की इथे पहिला नको लाजेचा, दुसरा रीतीचा, आणि तिसऱ्याला तब्येतीचं कारण जोडावं लागतं. नुसतं नको म्हटलं तर समोरच्याचा अपमान होतो. सोमारी हेही शिकली. लुगडं घोट्यापर्यंत नेसायला शिकली, भुकेली असताना ‘आत्ताच जेवले’ म्हणायला शिकली, आणि कुणी ‘कधीतरी या हं घरी’ म्हटलं की जायचं नसतं, हेही. एकदा खरंच गेली होती. घरची बाई दारातच उभी राहिली होती.

या खेपेचं हळदीकुंकू साधं नव्हतं. मुलींच्या शाळेत एक जागा रिकामी होती, आणि शाळा-कमिटीतल्या ताराबाई आज मुद्दाम सोमारीला पाहायला येणार होत्या. ती जागा सोमारीला हवी होती. फळ्यासमोर उभं राहून मुलींना बी, रोप, फूल शिकवावं, असं तिला मनापासून वाटे.

ताराबाई आल्या, गौरीला हळदकुंकू वाहून सतरंजीवर टेकल्या. सोमारीने वाकून नमस्कार केला, पन्ह्याचा पेला दिला, आणि विचारलं त्याची उत्तरं दिली. परागकणांचं विचारलं, तेही नीट सांगितलं.

“इंदिराबाई, कमाल केलीत हो तुम्ही!” ताराबाई म्हणाल्या. “किती शुद्ध बोलते! आता ही त्यांच्यातली वाटतसुद्धा नाही.”

गोकुळाने हळूच कोपर मारलं. सोमारीने रिकामा पेला उचलला.

“माझी लाडकी आहे ती,” इंदिराबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि झाकलेली वाटी घेऊन आल्या. “दोन वर्षं बिचारीला कैरी खाता येत नाही. दात आंबतात. म्हणून आज तिच्यासाठी वेगळा मेथांबा केलाय. मऊ शिजवून, गूळ घालून. घे ग, हा नाही बाधायचा.”

वाटी अजून कोमट होती. उन्हाची चुलीपुढे बसून बाईंनी हे केलं होतं, आणि तेही सोमारीने रचलेल्या दुखण्यासाठी.

“नको बाई.”

“लाजू नकोस.”

“नको.”

“अग, एक फोड तरी! ताराबाई, बघा कशी संकोची आहे.”

“घे बाळ,” ताराबाई हसत म्हणाल्या. “आमच्यात आलीस ना? मग आमच्यासारखं खा.”

आता तिसरा नको. त्याला जोडायचं कारण जिभेवर तयार होतं. डोकं दुखतंय. गोकुळाने तर ते सुचवूनही ठेवलं होतं. ते म्हटलं की वाटी जाणार होती, जागा मिळणार होती, आणि पुढच्या चैत्रात दुसरं दुखणं शोधावं लागणार होतं. पन्नाशीपर्यंत ती दुखणीच शोधत बसली असती. आणि फळ्यासमोर बसलेल्या मुलींत एखादी तिच्या गावची निघाली, तर तिलाही काय हेच शिकवायचं?

सोमारीने वाटी दोन्ही हातांनी घेतली, गौरीपुढे ठेवली आणि सरळ उभी राहिली.

“बाई, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, ते मी विसरणार नाही. पण माझे दात कधीच आंबले नव्हते. पहिल्या चैत्रात पोटही दुखलं नव्हतं. आमच्या गावचं पंडुम व्हायचं आहे अजून. ते होईपर्यंत आम्ही आंबा खात नाही.”

गोकुळाचा खवणीवरचा हात थांबला. इंदिराबाई वाटीकडे बघत राहिल्या.

“अग, पण इथे कोण बघतंय तुला?” ताराबाई म्हणाल्या. “आणि शाळेत लागायचं तर हे असलं—”

“मी त्यांच्यातलीच आहे, ताराबाई,” सोमारी म्हणाली. “शाळेतली जागा मला हवी आहे. आंबा नको.”