तळ्याकाठच्या दोन खुंट्या

दवाखान्याच्या दारावरची पाटी उलटी करून डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी. सकाळचे सगळे पेशंट त्यांनी दुपारवर ढकलले होते. आणि नेमका तेव्हाच सुजलेला गाल तळहातावर तोलत एक धिप्पाड माणूस जिना चढून आला. फुटबॉलचा पंच होता. बावीस जणांना शिट्टीवर नाचवणारा गडी, पण रात्रभर एका दाढेने त्यालाच नाचवलं होतं.

"बाई, याला परत पाठवलंत तर मी उद्यापासून येणार नाही," चिमटीने निकाल दिला. चिमटी म्हणजे बाईंची वीस वर्षांपासूनची मदतनीस. हात पुढे केला की हवं ते अवजार हातात ठेवायची आणि नको असलेलं मत कानात.

बाईंनी मुकाट्याने पंचांना खुर्चीत बसवलं आणि भूल दिली. दातांचे फोटो दाखवायचा स्क्रीन त्याच्यासमोर होता, पण त्यावर दातांऐवजी एक बंद दरवाजा आणि उलटं धावणारं घड्याळ पाहून पंचांनी भुवया उंचावल्या.

"गेम आहे," बाई म्हणाल्या. "अकराला दोन सर्व्हर एकत्र होतायत. दोन जगांचं एक जग. सगळ्यांची घरं गाठोड्यात बांधलीयत आणि जमीन मोकळी केलीय. दार उघडलं की धावायचं आणि जागेवर खुंटी ठोकायची. माणशी एकच. ठोकली की महिनाभर हलत नाही."

गेममधल्या तळ्याकाठी दोन जागा होत्या, मधे एकच कुंपण. एक बाईंची, एक लेकीची. लेक विमानाने सहा तासांवर राहायची. फोनवर दोघींचं तिसऱ्या वाक्याला वाजायचं. कुंपणापाशी मात्र, एकीने बदकं हाकत आणि दुसरीने लव्हाळं कापत, चार वर्षं अर्धा अर्धा तास निभावला होता. हात कामात असले की जिभेची धार आपोआप बोथट होते. त्या जागा गेल्या तर मायलेकींना उरणार होता फक्त फोन. म्हणजे काहीच नाही.

कालच्या फोनवरही तेच.

"तू वेळेवर येणार नाहीस."

"येईन."

"शाळा सुटल्यावर कधी आलीस? फाटकाला कुलूप लागायचं, वॉचमन जेवायला जायचा, आणि मी तिथेच."

"आणि मी आले की पहिलं काय विचारायचीस? आज कोण होतं खुर्चीत! पेशंटच्या गोष्टी ऐकायला बऱ्या आवडायच्या!"

"ठेव फोन."

अकरा वाजले. दार उघडलं नाही. स्क्रीनवर ओळ आली: आणखी पाच मिनिटं. मग आणखी सात. मग नुसतंच 'लवकरच'. पंचांचा ओठ लोंबायला लागला, गाल दगड झाला. अकरा वीस.

"भूल चढली, बाई," चिमटी म्हणाली.

बाईंनी एकदा दरवाजाकडे पाहिलं, एकदा पंचांच्या डोळ्यांकडे, आणि पक्कड उचलली. एकदा तोंडात हात घातला की नजर बाहेर काढायची नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. दाढ मुळापासून हलली, आणि त्याच क्षणी स्क्रीनवर घंटा घणघणली.

दार उघडलं!

चिमटीच्या एका हातात लाळ ओढायची नळी होती, दुसऱ्यात आरसा. मोकळे हात खोलीत एकाचेच होते.

"पंच!" बाई मान वर न करता ओरडल्या. "मांडीवर कीबोर्ड ठेवलाय. बाण दाबा, स्क्रीनवरची माझी बाई पळते. हो असेल तर एक बोट, नाही असेल तर दोन. धावा!"

आता कुणाला खरं वाटणार नाही, पण पंच धावला. तोंड वासलेलं, डोळ्यांत पाणी आणि बोटं अशी चाललेली की जणू मैदानावर शेवटचं मिनिट आहे. बाईंना फक्त दाढ दिसत होती. पंचांना फक्त तळं दिसत होतं, आणि सांगायला तोंड नव्हतं.

"गर्दी आहे?" एक बोट.

"तळं आलं?" एक बोट.

"डावीकडची, माझी जागा. रिकामी?"

दोन बोटं.

बाईंनी पक्कड आणखी घट्ट धरली. "खुंटी ठोकलीय? डोक्यावर नाव काय? लव्हाळी?" लेकीचं गेममधलं नाव ते. दोन बोटं. मग पंचांनी हवेत आकडे काढले: चार, एक, सात.

नियम बाईंना पाठ होता. दोन्ही जगांत ज्यांची नावं सारखी निघाली, त्यांची काढून घेऊन डोक्यावर 'प्रवासी' आणि आकडा चिकटवला होता. म्हणजे तिसराच कुणीतरी भामटा, असं बाईंनी ठरवून टाकलं. त्यांची जागा गेली होती.

"आणि उजवीकडची? लेकीची?"

एक बोट. लगेच तेच बोट घाईघाईने स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्याकडे वळलं. कुणीतरी तिकडे येत होतं.

"ठोका!"

पंचांनी दाबलं आणि बाईंनी ओढलं. ठक्क असा एकच आवाज झाला, तो दाढेचा की खुंटीचा, यावर चिमटी आजही वाद घालते.

बाईंनी जखमेवर बोळा दाबला, "घट्ट चावा" म्हणाल्या, आणि तेव्हाच मान वर केली. त्यांची बाई उजव्या जागेवर उभी होती. तिच्या डोक्यावरही आता नाव नव्हतं, 'प्रवासी ९०२' होतं. कुंपणापलीकडून ४१७ चे शब्द धडाधड पडत होते.

"ए ९०२, ऊठ तिथून!"

"ती जागा माझी आहे, कळत नाही?" ४१७ चं चालूच होतं.

"तूच का नाही उठत?" बाईंनी हातमोजे ओरबाडून काढले आणि टाइप केलं. "लाज नाही वाटत, दुसऱ्याची जागा लाटायला?"

"लाटली नाही. माझ्या आईची आहे. ती येईपर्यंत धरलीय. तिला उशीर होतो. नेहमीच होतो."

बाईंची बोटं कीबोर्डवर थबकली. चिमटीने नळी बंद केली. आपली जागा सोडून पोरगी आधी इकडे धावली होती. माणशी एक खुंटी. तिची तिने आईसाठी खर्चली होती.

'मीच' एवढं लिहून बाईंनी पुसलं. 'सॉरी' लिहिलं, तेही पुसलं. मग लिहिलं:

"विचार ना, आज कोण होतं खुर्चीत."

तळ्यात बदकं गोल गोल फिरली.

"आई?"

"हं."

"अगं, तू माझ्या जागेवर काय करतेयस?"

"तुझ्यासाठी धरली. माझी गेली म्हटलं."

"म्हणजे आता माझं घर तुझ्या जागी आणि तुझं माझ्या?"

"महिनाभर."

"माझ्याकडे दुपारचं ऊन येतं, सांगून ठेवते. मग तक्रार करायची नाही."

"तुझ्याकडे डास आहेत. मीही सांगून ठेवते."

तिसरं वाक्य कधीच उलटून गेलं होतं.

"बरं," पलीकडून आलं. "आज कोण होतं खुर्चीत?"

बाई खुर्चीच्या हातावरच बसल्या. "एक पंच," त्यांनी लिहायला घेतलं. "हत्तीएवढा. पण इतका रडला, इतका रडला की चिमटीला फरशी पुसावी लागली."

बोळा चावत बसलेल्या पंचांनी स्क्रीन वाचला आणि ताडकन दोन बोटं वर केली.

"गप्प बसा हो," बाई म्हणाल्या, आणि पुढे लिहू लागल्या.