काकांची डावी बाजू

साईपिन सिस्टरचं डोकं भडकलं होतं. तोंडावर मास्क होता म्हणून बरं, नाहीतर अख्ख्या ऑपरेशन थिएटरला ते दिसलं असतं.

टेबलावर कामपान काका भूल घेऊन पडले होते. जन्मभर अनवाणी भातलावणी केलेला इसान प्रांतातला शेतकरी. चिखलातला जंतू रक्तात शिरला आणि पोटातली मोठी धमनी सडून फुग्यासारखी फुगली. कधी फुटेल याचा नेम नाही. धमनीत आतून बसवायची, पेशंटच्या मापाने भोकं पाडलेली नळी परदेशातून यायला दोन महिने लागतात, तेवढा वेळ काकांकडे कुठला! म्हणून फिसित सरांनी साधी कापडी नळी उघडली आणि आतड्याच्या नि किडनीच्या धमनीसाठी तिला स्वतःच भोकं पाडायला घेतली. काकांची उजवी किडनी मुतखड्यांनी केव्हाच निकामी केलेली. उरली एकच, डावी. तिच्या धमनीसमोर भोक आलं नाही, तर ती किडनीही गेलीच म्हणायची.

सरांनी नळीवर पेनाने किडनीच्या भोकाची खूण केली, ती स्वतःच्या डाव्या हाताच्या बाजूला. आता नळी समोरून बघितली की पेशंटचं डावं आपल्या उजवीकडे येतं, हे काय सरांना सांगायला हवं? पण माणूस तीस तास उभा होता. त्यांच्या चुकीचा साईपिनला राग नव्हता. राग होता तो कोंगचा. डॉक्टर कोंग तिच्याच डोळ्यांदेखत टाके घालायला शिकलेला, आता सरांच्या शेजारी उभा. त्याने खूण पाहिली, त्याच्या भुवया वर गेल्या. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून ती वाट बघत राहिली. हा बाबा आपला गुपचूप नळी धरून उभा! सरांनी कापड जाळून भोक पाडलंसुद्धा.

"सर," ती शेवटी म्हणाली, "काकांची किडनी कुठल्या बाजूला आहे?"

सरांनी स्क्रीनकडे बघितलं, मग नळीकडे. दुसरी नळी हॉस्पिटलात नव्हती. चुकीच्या भोकावर ठिगळ शिवलं, बरोबर जागी नवं पाडलं, नळी लालभडक अँटिबायोटिकात भिजवून आत सरकवली. किडनी वाचली, पिशवीत लघवी उतरली. पण ते ठिगळ आता काकांच्या सडक्या धमनीत कायमचं राहणार होतं. जंतूला घर करायला आयती जागा.

बाहेर हात धुताना तिने कोंगला गाठलं. दिसलं होतं ना, मग दातखीळ बसली होती का, असं तोंडावर विचारलं.

"सगळ्यांसमोर सरांना वाईट वाटलं असतं, ताई," तो हळूच म्हणाला.

त्या हळू बोलण्याने तर तिची तळपायाची आग मस्तकात गेली. "सरांना वाईट वाटू नये म्हणून काकांनी किडनी द्यायची? चुलीत घाल तुझा तो नम्रपणा. जा, काकू बाहेर बसल्यात, त्यांना हेच सांग."

कोंगने मान खाली घातली. पलीकडच्या नळावर सर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण आवाज चढवला नाही.

"तुला कधी दिसलं, साईपिन? भोक पाडायच्या आधी की नंतर?"

तिने नळ बंद केला. हात पुसले. कोंग आता तिच्याकडेच बघत होता.

"पेनाने खूण केलीत तेव्हाच," ती म्हणाली.