केव्हाचं पाणी?

योलीमाला काहीही सांगा, ती आधी विचारणार, "केव्हाचं?" कॉफी पुढे केली तरी, गावातली भानगड सांगितली तरी. आमच्या पूर-कक्षात सगळे तिची टर उडवायचे, आणि सगळ्यांत पुढे मी. आज तिला कुणी हसून दाखवावं, त्याच्या अंगावरच जाईन.

आमच्या विया सेरेना शहराच्या वरच्या डोंगरात प्रत्येक ओढ्यावर आमची यंत्रं आहेत. ती सारखी पाण्याची उंची पाठवत असतात. दूर कुठेतरी भाड्याने घेतलेले संगणक ती तपासतात, आणि पाणी धोक्याच्या खुणेच्या वर गेलं की वस्तीतला भोंगा आपोआप वाजतो. लोकांच्या फोनवर ओढ्यांचा नकाशाही तेच संगणक दाखवतात. त्या दुपारी डोंगरावर ढग फुटला आणि अख्खं शहर नकाशा उघडून बसलं. नगराध्यक्ष तर सभागृहात मोठ्या पडद्यावर तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होते.

माझी आई ला सोर्दा ओढ्याकाठी, पुलाखाली एम्पानादा, म्हणजे खाऱ्या सारणाच्या करंज्या, तळते. मी घाईघाईने तिचा ओढा बघितला. पाण्याच्या उंचीची रेघ सपाट होती.

"सुटलो बुवा! पाणी जागचं हललेलं नाही."

"केव्हाचं?" योलीमा म्हणाली.

"अगं बाई, आज तरी गप बस!"

तिने रेघेखालची बारीक वेळ वाचली आणि तिचा चेहराच उतरला. "दुवान, हे मघाचं पाणी आहे. नकाशा बघणाऱ्यांनी संगणक अडवलेत. ओढ्याचे आकडे मागे तुंबून पडलेत. भोंग्याला कळणार कसं?"

"मग आणखी संगणक घे ना!"

"मागवलेत. ते सुरू व्हायला वेळ लागतो. तोवर ओढा थांबणार आहे का?"

आणि तिने नकाशा बंद केला. सगळ्या शहराचा! कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही.

लगेच आमच्या साहेबांचा, एवेलियोंचा फोन. "नगराध्यक्षांचा पडदा काळा पडलाय! चालू कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

"नकाशा बघून कुणी पळत नाही, साहेब. भोंगा ऐकून पळतात," म्हणत तिने फोन ठेवूनही दिला. काय बाई आहे! साहेबांसमोर माझी तर खोकायची हिंमत झाली नसती.

सगळे संगणक आता ओढ्यांच्या कामाला लागले. तुंबलेले आकडे भराभर पुढे आले. सपाट रेघ हलली आणि बघता बघता भिंतीसारखी उभी राहिली. ला सोर्दाच्या भोंग्याचा लाल दिवा लागला.

मी आईला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. शेवटी एकदाचा उचलला.

"ओरडतोस काय रे! भोंगा वाजला आणि आम्ही सगळे चर्चपाशी वर आलो. पूल पाण्याखाली गेला. आणि माझी कढई गेली, नवी कोरी!"

"आई वर आहे!" मी ओरडलो. रडू आवरेना.

योलीमाने पडद्यावरची नजर काढली नाही. "केव्हाचं?"

"आत्ताचं, योलीमा. अगदी आत्ताचं," म्हणत मी फोन तिच्या कानाला लावला. आई तिकडे अजून कढईच्या नावाने शंख करत होती.