तेजाब

“पण टाकलं कोणी?” मुलाच्या आईनं चहाचा कप खाली ठेवत विचारलं. मुलगी पसंत पडली होती. आता तिची नजर मुलीच्या आईच्या भाजलेल्या गालावर खिळली होती.

मुलीच्या बापानं घसा खाकरला. “होता एक माथेफिरू. कारखान्याच्या गेटवर उभा राहायचा. मेला आता.”

लेक पाळण्यात होती तेव्हापासून त्याचं हेच पालुपद. तारांच्या त्या कारखान्यात लेकीची आई गंजक्या तारा गंधकाम्लात बुडवून धूत असे. तिचे वडील पितळेची भांडी उजळायचे; ते त्याला तेजाब म्हणत. जुन्या काळी हिराकसाचे खडे भट्टीत तापवून ते काढायचे, रंगारी त्यात नीळ विरघळवायचे, असं सांगत. “तेजाबाला मान दिला तर ते चाकर, नाहीतर काळ!” कारखान्यात मान कोण देणार? तेजाबाची तडा गेलेली बरणी बदला म्हणून ती कानीकपाळी ओरडत होती. एक दिवस तीच बरणी तिच्या हातात फुटली. भरपाई टळावी म्हणून मालकानं ‘कोणीतरी फेकलं’ अशी हूल उठवली. नवरा तिथंच कामाला. तो मूग गिळून बसला आणि पुढं मुकादम झाला. ‘बाईचंच काहीतरी असणार,’ आळी म्हणाली.

“कोणी टाकलं नाही,” ती म्हणाली. नवऱ्यानं डोळे वटारले. “कामावर बरणी फुटली. मालकाला ठाऊक होतं. ह्यांनाही.”

मुलाची आई समजूतदारपणे हसली. “असू द्या हो विहीणबाई. झालं गेलं ते. आम्ही नाही मनावर घेत.”

पाहुणे गेल्यावर लेक स्वयंपाकघरात कप विसळू लागली. “आई, आजच बाबांना खोटं पाडायचं होतं का?”

“म्हणजे? तुलाही कोणी फेकलं असंच वाटतं?”

लेकीनं नळ मोठा केला. “मी कधी विचारलं का तुला?”

लग्न ठरलेल्या तारखेला झालं. फोटोवाला म्हणाला, “मावशी, मान जरा वळवा. हा गाल नको.”

“वळव ना गं आई,” लेक कुजबुजली.

नवरा सवयीनं पुढं सरकला, गाल झाकला जाईल असा. तिनं त्याला हातानं हलकेच बाजूला केलं आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं.