छातीवरचं चंदन

"बनियन काढू नका," वसुमतीनं नवऱ्याला पुन्हा बजावलं. "सर्दी झाली म्हणा. दर वेळी म्हणताच की."

रघुपती आरशासमोर उभा होता. छातीच्या मधोमध जन्मापासूनचा खळगा, लहानशी वाटी बसेल एवढा. मिसरूड फुटल्यापासून देवळात, श्राद्धाला, मुंजीला त्यानं तो बनियनखाली झाकला होता. तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या कचेरीतला हा कारकून चारचौघांत अंग उघडं करत नाही, म्हणून नातेवाईक त्याला 'कलेक्टर' म्हणत.

आज त्याच्या मुलीचा, हरिताचा साखरपुडा होता. त्यांच्या तंजावरी मराठी समाजात दोन्ही व्याही उघड्या अंगानं समोरासमोर बसत आणि एकमेकांच्या छातीला चंदन लावत.

खळगा हरितालाही होता, जरा उथळ. बस पकडायला धावताना तिला दम लागू लागला, तेव्हा मद्रासला तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली: छातीचं हाड आत दबलेलं, हृदय डावीकडे सरकलेलं. धावताना हृदयाला पुरतं भरायला जागा मिळत नाही, फुप्फुसांनाही थोडी कमी पडते. जिवाला धोका नाही. त्रास वाढला तर शस्त्रक्रिया करता येईल.

हरितानं हे सगळं होणाऱ्या नवऱ्याला, चेतनला सांगितलं होतं. मद्रासच्या नव्या कम्प्युटर कंपनीतल्या त्या मुलाची हरकत नव्हती. त्याच्या वडिलांना मात्र काहीच ठाऊक नव्हतं, आणि लग्न होईपर्यंत ते कळू नये असं वसुमतीला वाटत होतं.

"अप्पा," हरिता दारातून म्हणाली, "आज तुम्ही झाकलंत, तर उद्यापासून मला झाकत बसायला लागेल."

रघुपतीनं बनियन काढली, घडी घातली आणि वसुमतीच्या हातात दिली.

बैठकीत कुजबुज झाली. चेतनचे वडील हनुमंतराव चंदनाची वाटी घेऊन पुढे सरकले आणि थबकले.

"जन्मापासून आहे," रघुपती म्हणाला. "हरितालाही आहे. भरभर माडी चढली की दम लागतो. डॉक्टरांचे कागद आहेत, बघा."

हनुमंतरावांनी हरिताकडे पाहिलं, मग चेतनकडे. चेतननं नजर वळवली नाही.

"सरी, ठीक आहे," हनुमंतराव तमिळ वळणानं म्हणाले. "आमचे घरी माडीच नाही."

त्यांनी बोटांवर चंदन घेऊन रघुपतीच्या छातीला लावलं. ते खळग्याच्या तळाशीच राहिलं. हनुमंतरावांनी पुन्हा वाटीत बोटं बुडवली.