दोन डब्यांची वाटणी

छबूबाईंच्या घरात दोन सुना, आणि दोघींना जे आणायचं ते अगदी सारखं आणायचं, असा नियम. एकदाच तो मोडला. थोरल्या सविताला माहेरून मिक्सर आला, त्या दिवशी धाकटी आरती म्हणाली, "मंग आमची चूल येगळी करा." तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि छबूबाईंची झोप उडाली होती. श्रीगोंद्याजवळच्या त्या वस्तीवर निम्म्या घरांत वेगळ्या चुली झाल्या होत्या. आपली एकच राहावी, एवढीच म्हातारीची इच्छा होती.

अशात दोघी सुना एकदमच तापाने आडव्या झाल्या. तपासणीत कोरोना निघाला, पण सौम्य. मग नगरहून डॉक्टर केदार आले. गाईच्या दुधात, विशेषतः चिकात असणारं एक प्रथिन या विषाणूवर चालतं का, हे त्यांना तपासायचं होतं. सुनांनी सह्या केल्या आणि दोघींना कॅप्सूलची एकेक डबी मिळाली.

"कुणाच्या डबीत औषध असेल, कुणाच्या नुसती साधी भुकटी," डॉक्टर म्हणाले.

"कुनाच्यात काय हाय?" छबूबाईंनी विचारलं.

"ते मलाही माहीत नाही, आजी. माहीत नसलं तरच चाचणी खरी."

"एवढं शिकून शेवटी गाईपाशीच आलात, आन् वर ठावबी न्हाई म्हनता!"

डॉक्टरांची गाडी गेली आणि छबूबाई हिशेब मांडू लागल्या. एक सून बरी झाली अन् दुसरी खोकतच राहिली तर? डॉक्टर बसेल नगरला, बोल लागणार सासूला. सुनांचा दुपारी डोळा लागल्यावर त्यांनी दोन्ही डब्या परातीत ओतल्या, शेंगदाण्यासारख्या कॅप्सूल खालीवर केल्या आणि निम्म्या-निम्म्या भरून ठेवल्या. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

पुढच्या फेरीला डॉक्टर आले तर दोघी ठणठणीत. डॉक्टर खूश झाले. छबूबाईंना राहवेना.

"बऱ्या हुनारच. म्या वाटनीच तशी क्येली," असं म्हणून त्यांनी सगळा पराक्रम सांगून टाकला.

डॉक्टर मटकन खाटेवर बसले. "आजी, आता या दोघींना चाचणीतून काढावं लागेल. कुणाच्या पोटात काय गेलं, कुणालाच कळणार नाही."

"आधी तरी तुमाला कुटं ठाव हुतं?"

डॉक्टरांनी वहीतली दोघींची नावं खोडली. सुना मात्र पुढे सरसावल्या.

"आत्याबाई, आमच्या पोटात जायचं औषध, आन् आमाला इचारलंबी न्हाई?" सविता कडाडली.

"व्हय ना ताई!" आरती म्हणाली.

ते 'ताई' ऐकून छबूबाईंचा जीव भांड्यात पडला. घर वाचलं! त्यांना हसू आवरेना, आणि तिथंच घात झाला.

"हसताय काय? उद्या कालवनातबी कायतरी मिसळाल," सविता म्हणाली. जावांनी एकमेकींकडे पाहिलं आणि निकाल लागला: सासूने आजपासून स्वयंपाकाला हात लावायचा नाही.

संध्याकाळी दोघी एका चुलीपाशी बसून हसत-खिदळत भाकरी थापत होत्या. छबूबाई मीठ बघायला आत डोकावल्या, तर दोघी एकदम ओरडल्या, "आत्याबाई, भाईर बसा!"

त्या गुमान ओट्यावर येऊन बसल्या. थोड्या वेळाने आतून आरतीने अगदी प्रेमाने विचारलं, "आत्याबाई, भाकर कुस्करून देऊ का?"

दात सगळे शाबूत असलेल्या छबूबाईंना इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.