लांज्याची फणसपोळी

मुंबईच्या हॉटेलात नोकरी करणारी योगिनी सुट्टीत आली, ती वडिलांसाठी निळ्या बुरशीचं चीज घेऊन थेट दुकानात. गुणाजीने नाक मुरडलं. "बुरशी आलेलं खातात होय गो? तुझ्या आयशीनं उकिरड्यावर फेकलं असतं."

"स्टिल्टन म्हणतात याला, बाबा. स्टिल्टन हे इंग्लंडातलं हमरस्त्यावरचं गाव. तिथल्या खानावळीत हे विकायचे, म्हणून हे नाव. करणारे मात्र दुसऱ्याच गावांतले."

गुणाजीची नजर फळीवर उरलेल्या फणसपोळीच्या जुन्या लेबलांकडे गेली. वीस वर्षं त्याची बायको भागूबाई गावी खळ्यात फणसाच्या पोळ्या वाळवायची आणि तो त्या इथे, लांज्याच्या स्टँडसमोर विकायचा. लेबलं छापायच्या वेळी ती एवढंच म्हणाली होती, "आपल्या वाडीचं नाव घाला हो."

"तुझी वाडी कोण कुत्रं ओळखतंय?" असं म्हणून त्याने लांजा छापलं होतं.

भागूबाईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

एवढ्यात बाहेर गाडी थांबली. "काका, लांज्याची फणसपोळी आहे का?"

"लांज्यात ती कधी होतच नव्हती," गुणाजी म्हणाला. "आणि जिथे व्हायची, तिथेही आता होत नाही."